हळूच, नंदीच्या कानात

आमच्या गावातल्या लोकांचे आवाज कमी होत चाललेत, हे सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं.

कारणही मी शोधून काढलं होतं. हायब्रीड ज्वारी! पहिले लोक गावरान ज्वारीची भाकर खायचे, तेव्हा या शिवारातून हाक मारली की त्या शिवारातला बैल मान वळवून बघायचा. आता सगळं खतावरचं. दाण्यातच दम नाही, तर गळ्यात कुठून येणार? हे मी अधिकारानं बोलायचो, कारण हिंगोलीकडच्या गोरेगावच्या रस्त्याला आमच्या गावात माझी पिठाची गिरणी आहे आणि पस्तीस वर्षं गावाची ज्वारी मीच दळतो. त्या गिरणीच्या खडखडाटात पस्तीस वर्षं उभं राहिल्याचा या प्रकाराशी काही संबंध असेल, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. (बाकी सगळ्या गावाच्या डोक्यात आलं होतं. त्यांनी मला सांगितलंही होतं म्हणे. आता हळू सांगितलं तर मी काय करणार!)

उलट माझा आवाज फार मऊ आहे, अशी माझी समजूत होती. एका लग्नाच्या पंगतीत मी बायकोच्या कानाशी लागून अगदी हळूच म्हणालो, "वांग्याची भाजी अळणी झाली ना?" तर चुलीवरनं आचारी मिठाचा डबा घेऊन पळत आला. मला त्या आचाऱ्याचं इतकं कौतुक वाटलं! म्हटलं, काय पारख आहे, नुसतं तोंड बघून ओळखतो.

बायको म्हणजे कौसल्या. लग्न झाल्यापासून ती मला एकाच नावानं हाक मारते, "ऐकलं का?" गेल्या सहा-सात वर्षांत त्याचं खरं उत्तर "न्हाई" असं होतं, पण मी "व्हय" म्हणत होतो. तिला खेळवणं माझ्या मनात नव्हतं. कान साथ देईनात, तसं माझ्या मानेनंच सगळा कारभार हाती घेतला होता. समोरच्याचे ओठ हलायचे थांबले की मान आपोआप खाली-वर व्हायची.

आणि या मानेनं मला काय मान मिळवून दिला म्हणून सांगू!

गिरणीत माणसं दळणाला थांबतात. थांबली की बोलतात. बोलली की भांडणं निघतात. शेजारच्या गिऱ्हाइकाला सांगावं तर गावभर होतं, म्हणून लोक मला सांगायला लागले. मी गिरणी बंद करून बसायचो, हात मांडीवर ठेवायचो आणि त्यांच्या तोंडाकडे बघायचो. मध्ये तोडणं नाही, उलटा सवाल नाही. माणूस घटकाभर बोलून मोकळा झाला की मी मान डोलवायचो आणि म्हणायचो, "तुझंबी बराबर हाय. त्याचंबी बराबर हाय. आता घरी जाऊन जेवा."

लोक डोळे पुसत घरी जायचे आणि खरंच जेवायचे! किसन आणि दिगंबर हे सख्खे भाऊ बांधावरनं तीन वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. दोघं वेगवेगळे येऊन माझ्यापाशी बोलून गेले आणि पोळ्याला दोघांचे बैल एका रांगेत उभे राहिले. सरूबाई आणि तिची सून रुक्मी, दोघींची चूल वेगळी व्हायची राहिली. "आबासारखं ऐकून घेणारा मानूस तालुक्यात न्हाई," असं लोक म्हणायचे. (हे वाक्य मला एकानं दोनदा आणि हातवारे करून सांगितलं, म्हणून ठाऊक आहे.) पारावर माझ्यासाठी जागा सोडायला लागले. साठीनंतर माणसाला आणखी काय पाहिजे?

एकच गोष्ट खटकत होती. कौसल्या गप्प झाली होती.

पहिले दुपारी ती डबा घेऊन गिरणीत यायची. मी जेवायचो आणि ती गावातली सगळी खबरबात सांगायची. कुणाची पोरगी रुसून माहेरी आली, कुणी कुणाची कोंबडी आपल्या डालीखाली झाकली, सगळं. ते ऐकताना मला भाजीत मीठ कमी-जास्त कळायचं नाही. पण चुगलीचं एक आहे, ती मोठ्यानं करता येत नाही. एकदा सांगावं, मग ओरडून सांगावं, आणि तोवर जिची चुगली तीच दळण घेऊन दारात उभी! असं दोन-चारदा झालं आणि कौसल्यानं नाद सोडला. डबा ठेवायची, मी जेवेपर्यंत बाहेर बघत बसायची आणि भांडी घेऊन जायची. मला चैन पडायचं नाही. पण "तू काहून बोलत न्हाईस?" असं विचारलं, तर ती काय सांगते ते ऐकू येणार थोडंच होतं!

मग जीपचं प्रकरण झालं. सकाळी मी आपला रस्त्याच्या मधोमध गिरणीकडे चाललो होतो. गिरणीपाशी वळून बघतो तर हातभर मागं गोरेगावची जीप, आत खच्चून माणसं, आणि ड्रायव्हर हॉर्नवर डोकं टेकून बसलेला. मी म्हणालो, "काहून रे, बंद पडली का? ढकलू का?" बिचारा पिंपळापासून माझ्या मागं बैलाच्या चालीनं येत होता. सगळी जीप हसली. मीही हसलो. गिरणीच्या दारात कौसल्या झाडत होती, ती हसली नाही. तिच्या हातातनं खराटा पडला होता.

त्याच आठवड्यात तिनं पोराला, गणेशला, फोन केला. तो हिंगोलीला शाळेत मास्तर आहे. त्यानं मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं.

तिथं एका काचेच्या खोलीत बसवलं, कानाला डबडी लावली आणि हातात बटण दिलं. तपासणारी पोरगी म्हणाली (गणेशनं कागदावर लिहून दाखवलं), आवाज आला की बटण दाबा. मी काचेतनं तिच्याकडे बघत बसलो. तिनं मान हलवली की मी बटण दाबायचो. भुवई वर केली, दाबलं. ओढणी सारखी केली, दाबलं. शंभरातले शंभर मिळणार या खात्रीत होतो. शेवटी ती बाहेर आली आणि माझ्या तोंडासमोर येऊन ओरडली, "काका, म्या अजून मशीन चालूच केली न्हाई!"

डॉक्टरांनी समोर बसवून सावकाश समजावलं. पस्तीस वर्षांच्या खडखडाटानं कान गेलेत, गेलेले परत येत नाहीत, पण उरलेले सांभाळता येतात. गिरणी चालू असताना कानांत बोळे घाला आणि एरवी कानात ऐकायची मशीन लावा. ऐकू न येणारा माणूस दिवसभर दुसऱ्याच्या ओठांकडे बघून बघून थकतो, डोकं दुखतं, चिडचिड होते. मग तो माणसांत जायचं टाळतो, एकटा पडतो आणि एकटा पडला की विसराळूही होतो. मला संध्याकाळी डोकं धरून बसायची तकलीफ होती, ती मी गॅसेसमुळे समजत होतो. डॉक्टरांचं सगळं पटलं. मी मान डोलावली. त्यांनी गणेशला विचारलं, "यांना ऐकू आलं का?"

मशीन आली. कौसल्यानं पाळलेले दोन बोकड त्यापायी गेले. ती त्यांना हातानं पाला चारायची, पण एका शब्दानं कुरकुरली नाही.

मशीन मी गिरणीत जाऊनच लावली आणि पहिल्याच दिवशी घात झाला. दोघं जण भांडण घेऊन आले. मी नेहमीसारखा बसलो, हात मांडीवर. आणि पहिल्यांदाच मला ते काय बोलतात ते ऐकू आलं! बाप रे बाप! माणसं इतकं खोटं बोलतात? तेही इतक्या बारकाव्यानं? मी मध्येच म्हणालो, "अरे पन तू आताच तर म्हणलास, शेळी तुझी न्हाई!" दुसरा म्हणाला, "पाहा, आबा माझ्या बाजूनं!" पहिला उठला, त्यानं दुसऱ्याची कॉलर धरली, आणि माझ्याच गिरणीत माझ्याच पिठात दोघं पांढरे होईस्तोवर लोळले. जाताना पहिला म्हणाला, "आबा, तुमी पहिल्यासारखे न्हाई राहिले."

ते मला बंदुकीच्या गोळीसारखं लागलं. (मशीनमुळे स्पष्टही आलं होतं.) पस्तीस वर्षांत मिळवलेलं एवढंच तर नाव! मी मशीन काढली, पिठाच्या एका रिकाम्या डबीत घातली आणि डबी जुने पट्टे टाकायच्या खोक्यात तळाशी दडवली. घरी येऊन सांगितलं, "वानरानं नेली. ओट्यावर ठिवली आन तोंड धूत होतो."

आमच्याकडे वानरं कमी नाहीत, त्यामुळे गोष्ट खपली. जरा जास्तच खपली! अर्धं गाव झाडांकडे बघत फिरायला लागलं. चिंचेवरच्या एका म्हाताऱ्या वानरानं हाक मारल्याबरोबर वळून पाहिलं म्हणून लोकांनी त्याच्यावर संशय घेतला. त्याला दोन दिवस केळी दाखवून खाली बोलावत होते. कौसल्या मात्र केळी दाखवत बसली नाही. श्रावण लागला होता. मशीन सापडू दे म्हणून तिनं सोमवार धरले, तेही कडक, पाण्यावर.

पहिल्या सोमवारी मला काही वाटलं नाही. दुसऱ्या सोमवारी जेवताना घास फिरायला लागला. समोर ती उपाशी बसलेली, बोकड गेलेले आणि मशीन खोक्यात! तिसऱ्या सोमवारी ठरवलं की बस, हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय गती नाही. पण सांगावं कुणाला? सगळं गाव मला सांगतं. मी कुणाला सांगू?

उत्तर सोपं होतं. नंदी.

आमच्या महादेवाच्या देवळात काळ्या दगडाचा नंदी आहे. त्याचा एक कान हातानं झाकायचा, दुसऱ्या कानात हळूच मनातलं सांगायचं, तो महादेवाला पोचवतो. सोमवार असल्यानं गर्दी होती. सभामंडपात रांग, रांगेत माझ्या मागं कौसल्या, तिच्या मागं किसन, मग दिगंबर, सरूबाई, रुक्मी, अर्धं गाव. मी पुढं झालो, नंदीचा उजवा कान तळहातानं पक्का झाकला (गुप्ततेची एवढी काळजी घेतली!) आणि डाव्या कानाला तोंड लावून माझ्या त्या मऊ आवाजात म्हणालो:

"महादेवा, वानरानं कायी नेलं न्हाई. मशीन मीच दडवली. गिरणीतल्या जुन्या पट्ट्याच्या खोक्यात हाय. कौसल्या उपाशी मरून राहिली, तिला माफ कर. न्हाई, मला माफ कर. देवा, मला ऐकू येत न्हाई. सहा-सात वर्षं झाली. गावातल्या एकाचंबी भांडण म्या ऐकलं न्हाई. नुसती मान हालवली. किसनचं न्हाई, दिगंबरचं न्हाई, सरूबाईचं तर तोंडबी पाहिलं न्हाई, झोप लागली होती. पन देवा, खरं दुखनं येगळंच हाय. कौसल्या माझ्यापाशी चुगल्या करत न्हाई आता. साऱ्या गावाचं ऐकतो म्हणून नाव हाय, आन घरच्या बाईचा आवाज कसा होता तेच इसरून चाललो. मला लई एकटं वाटतं. तेवढं बघ. आन हे कुनाला सांगू नको."

एवढं बोलून मन हलकं झालं. नंदीच्या पाठीवर थाप मारली, वळलो.

सगळं देऊळ माझ्याकडे बघत होतं. टाळ हातातच राहिलेले. एका बाईच्या तांब्यातलं पाणी पिंडीऐवजी तिच्याच पायावर चाललेलं. मला वाटलं, माझ्या चेहऱ्यावर काही तेज वगैरे आलं की काय!

मग किसनचे ओठ हलले. तो तोंडासमोर येऊन ओरडत होता, त्यामुळे समजलं. "म्हंजी तुमी कायीच ऐकलं न्हाई? म्या बांधाचा दगड हातभर सरकवला, तेबी न्हाई?"

त्याच्या मागं दिगंबर उभा होता.

"दगड सरकवला?" दिगंबर ओरडला. मग तोही माझ्याकडे वळला. "आन आबा, म्या तो दीड हात माघारी सरकवला म्हणून सांगितलं होतं, तेबी वाया गेलं का?"

तो दगड बिचारा तीन वर्षं शिवारात चालतच होता! दोघांना माझ्यापाशी बोलून पापातनं सुटल्यासारखं वाटलं होतं, म्हणून तर समेट झाला होता. आता ते पाप दोघांच्या अंगावर परत आलं.

यातनं लोकांनी शहाणं व्हायला नको? पण नाही! ज्याला त्याला एकच घोर लागला, आपलं सांगितलेलं आबांनी ऐकलं होतं की नाही. आणि ते विचारायला जो तो मोठ्यानं, सगळ्यांसमोर, माझ्या तोंडासमोर येऊन ओरडायला लागला! सरूबाई किंचाळली, "म्या सुनंच्या डब्यातली साखर काढून लेकीकडं धाडते म्हणलं, ते?" रुक्मी मागनं त्याहून मोठ्यानं ओरडली, "आन म्या सासूच्या चहात गूळच टाकते मुद्दाम, ते?" कुणी शेजाऱ्याची विहिरीवरची मोटार चोरून चालवल्याचं कबूल केलं, कुणी दुसऱ्याच्या दळणातनं ओंजळभर पीठ काढल्याचं. (ते माझ्याच गिरणीत!) मी आपला सवयीनं प्रत्येकाला मान डोलवत होतो. शेवटी गाभाऱ्याच्या दारातनं गुरवाचं डोकं बाहेर आलं. तो घाबऱ्याघुबऱ्या ओरडला, "आबा, माझं ते, चढवलेला नारळ परत दुकानात जातो, ते तरी ऐकलं होतं ना?"

मग जे झालं त्याचं वर्णन देवळात करू नये, आणि ते झालं देवळातच.

कौसल्यानं माझं कोपर धरलं, त्या रणधुमाळीतनं मला बाहेर काढलं आणि थेट गिरणीत नेलं. स्वतः खोकं उपसलं, डबी काढली, मशीनवरचं पीठ फुंकलं, पदरानं पुसलं आणि माझ्या कानात बसवली. तिचे डोळे भरलेले होते. नंदीच्या कानातलं शेवटपर्यंत तिनं ऐकलं होतं. मला वाटलं, आता काहीतरी मायेचं बोलेल.

"वानर व्हतं खरं," ती अगदी हळू म्हणाली. "झाडावर नव्हतं एवढंच."

सात वर्षांनी तिचा हळू आवाज ऐकला. शिवी होती, तरी मला रडू आलं. दोघं पिठाच्या पोत्यावर बसून हसत रडलो की रडत हसलो, ते आता सांगता यायचं नाही. तिनं त्या दिवशी उपास सोडला. जेवताना मी "तुझा आवाज जरा बारीक झाला का गं?" असं विचारल्यावर ताट माझ्यापुढनं काढूनही घेतलं.

गाव आठ दिवस धुमसत होतं. मग बांध मोजून दगड एकदाचा पक्का रोवला, सासूसुनांनी साखर एका डब्यात ओतली आणि गुरवानं नारळ तिथल्या तिथं फोडायला सुरुवात केली. मी कानांत बोळे घालून दळतो, गिरणी थांबली की मशीन लावतो. संध्याकाळचं डोकं दुखत नाही. रस्त्याच्या कडेनं चालतो. ड्रायव्हर मुद्दाम हॉर्न वाजवून हात करतो.

परवा किसन आणि दिगंबर दोघं सोबत आले. नवीन भांडण, पाइपलाइनचं. मी हात मांडीवर ठेवून बसलो, तर दोघं एकमेकांकडे बघायला लागले. किसन चाचरत म्हणाला, "आबा, राग नका मानू. ती मशीन जराशी काढून बसता का?"

काढली. दोघं घटकाभर बोलले. मी मान डोलावली, जेवायला घरी धाडलं. मिटलं!

ते गेल्यावर मी मशीन परत लावली, तेवढ्यात कौसल्या डबा घेऊन आली. माझ्यापुढं भाकर ठेवली, दाराकडे एकदा बघितलं, रस्त्याकडे एकदा बघितलं आणि पदर तोंडाशी धरून माझ्या कानाजवळ सरकली.

"ऐकलं का?"

मी मान डोलावली. (तिनं अजून काही सांगितलंच नव्हतं.)

"गावात लोक म्हणून राहिले," ती कुजबुजली, "गिरणीवाला बहिराच बरा व्हता. आन मलाबी आता तसंच वाटून राहिलं. पहिले म्या तोंडातल्या तोंडात कायीबी बोलून घेत व्हते, आता बोलता येत न्हाई!"

मी घास गिळला, हात मांडीवर ठेवला आणि नीट विचार करून निवाडा दिला.

"लोकायचंबी बराबर हाय. तुझंबी बराबर हाय. आता मला जेवू दे."